बारदान्याचं वजन आणि गावाबाहेर गेलेला प्रोग्रॅमर

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याचं नाव बाहेरच्या माणसाने ऐकलेलं असतं ते बहुधा तिथल्या 3,300 मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्रामुळे. तालुक्यातल्या माणसाला विचाराल तर तो धानापासून सुरुवात करील. वैनगंगेच्या या पट्ट्यात धान पिकतो, राइस मिलमध्ये भरडला जातो आणि त्याच्या पोत्यापोत्याचा हिशेब ठेवावा लागतो. हा हिशेब संगणकावर आणायला कधीकाळी निघालेल्या आणि मध्येच थांबलेल्या प्रोग्रॅमचं पुढे काय करायचं, हा या प्रकरणाचा विषय. आजकाल कोड लिहून देणारे एआय सहायक हाताशी आहेत. त्यांच्या मदतीने असा प्रोग्रॅम पुन्हा उभा करता येतो का? येतो. पण सगळ्यात अवघड वाटणारं काम त्यात सोपं निघतं आणि सोपं वाटणारं अडून बसतं.

नमुन्यादाखल एक मिल घेऊ. मिल कल्पनेतली आहे, तिथला व्यवहार मात्र खराखुरा. मालकांचा पुतण्या 2014 मध्ये इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने काकांच्या मिलसाठी व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये प्रोग्रॅम लिहायला घेतला, माहिती साठवायला अ‍ॅक्सेस. तीन-चार पडदे तयार झाले, दोन अहवाल छापले जाऊ लागले आणि त्याला पुण्याला नोकरी लागली. दर दिवाळीला ‘पुढच्या सुट्टीत पूर्ण करतो’ हे ठरलेलं. मिलच्या संगणकात ‘मिल’, ‘मिल नवीन’, ‘मिल फायनल’ आणि ‘मिल फायनल 2’ असे चार फोल्डर राहिले, आणि हिशेब रजिस्टरात चालू राहिला. आता मालकांची मुलगी घरी आहे, तिला थोडंफार कोडिंग येतं आणि तिच्या लॅपटॉपवर एआय सहायक आहे.

आधी तांत्रिक बाजू, कारण ती लवकर संपते. व्हिज्युअल बेसिक 6 हे 1998 चं. त्यात नवा कोड लिहिण्याच्या साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल 2008 मध्ये थांबवला. म्हणजे पुतण्याने सुरुवात केली तेव्हाच ते साधन निवृत्त झालेलं होतं. त्यात तयार झालेले प्रोग्रॅम मात्र आजच्या विंडोजवरही बहुधा चालतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी जुना प्रोग्रॅम उघडून बघता येतो, आणि तो बघावाच. सहायकाला चारही फोल्डर दाखवून विचारलं की यातला शेवटचा कोणता, तर तो फायली ताडून सांगतो की काम ‘मिल नवीन’मध्ये सगळ्यात पुढे गेलेलं आहे; ‘फायनल 2’ ही नुसती जुनी प्रत. माणसाला ज्याला आठवडा लागला असता ते घटकाभरात होतं. कोणता पडदा कोणत्या तक्त्यात लिहितो, कोणतं बटण कुठेच जोडलेलं नाही, कोणता कोड कधीच चालत नाही, याची यादीही तो काढून देतो. 2021 च्या जूनमध्ये गिटहब कोपायलट पहिल्यांदा चाचणीसाठी आला तेव्हा तो चालू ओळ किंवा फार तर एखादं फंक्शन पुरं करून द्यायचा. 2025 पर्यंत हे सहायक अख्खा फोल्डर वाचू लागले, आज्ञा चालवून बघू लागले, चूक आली तर स्वतःच दुरुस्त करू लागले. जुन्या भाषेतून नव्या भाषेत कोड नेणं हे तर त्यांचं हातखंडा काम. इथवर सगळं छान चालतं.

मग 0.58 हा आकडा येतो.

वजनाच्या पडद्यामागच्या कोडमध्ये एक ओळ आहे. काट्यावरच्या वजनातून पोत्यांची संख्या गुणिले 0.58 वजा केली आहे आणि उत्तर ‘टेम्प2’ नावाच्या जागी ठेवलं आहे. वर एकही शेरा नाही. सहायकाला विचारलं तर तो म्हणतो, ही बहुधा ओलाव्याची किंवा कचऱ्याची घट असावी. उत्तर सफाईदार आहे, धानाच्या व्यवहारात ओलावा असतोच. हमीभावाच्या खरेदीत 17 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, हेही तो सांगतो आणि ते खरंच आहे. मुलगी रजिस्टर घेऊन काट्याजवळ, मिलचा हिशेब लिहिणाऱ्या दिवानजींकडे जाते.

“दिवानजी काका, हे पोत्यामागे पॉइंट अठ्ठावन काय कापता तुम्ही?”

“बारदाना होय ना तो, माय. रिकाम्या पोत्याचं वजन.”

50 किलोच्या नव्या तागाच्या पोत्याचं ठरलेलं वजन 580 ग्रॅम. त्याच पोत्यात धान 40 किलो भरतात. दिवानजींना हे सांगताना क्षणभरही विचार करावा लागत नाही, आणि म्हणूनच ते कुठे लिहून ठेवावं असं कुणालाही वाटलेलं नाही.

आकडा किती महत्त्वाचा ते बघा. सरकारी धानाच्या भरडाईत पणन महासंघ किंवा आदिवासी विकास महामंडळाने हमीभावाने घेतलेला धान मिल उचलते आणि त्याचा तांदूळ करून शासनाकडे जमा करते. कच्च्या तांदळाला प्रमाण 67 टक्के, उसन्याला म्हणजे उकड्याला 68. एका ट्रकमध्ये 400 पोती धरली तर धान 160 क्विंटल, जमा करायचा कच्चा तांदूळ 107 क्विंटल 20 किलो. पोत्यांचं वजन न कापता काट्यावरचा आकडा तसाच घेतला तर धान 162 क्विंटल 32 किलो दिसतो आणि तांदूळ 108 क्विंटल 75 किलो द्यावा लागतो. एका ट्रकमागे दीड क्विंटलहून जास्त तांदूळ मिलच्या अंगावर बसतो. ‘याचा अर्थ लागत नाही, काढून टाकू’ असं म्हणून सहायकाने ती ओळ साफ केली असती, तर प्रोग्रॅम एकही चूक न दाखवता चालला असता.

त्याच्या खाली आणखी एक गंमत आहे. ‘बारदाना प्रकार 2 असेल तर’ अशी अट आणि तिच्या पोटात काहीच नाही. इथेच पुतण्या थांबला होता. दुसऱ्या प्रकारची गोणी प्लास्टिकची, ती वजनाला फारच हलकी. तिचं किती कापायचं हे त्याला दिवानजींना विचारायचं होतं आणि ते राहून गेलं. सहायकाला रिकामी जागा दिसली की तो ती भरतो, तो त्याचा स्वभावच आहे. ‘अर्धवट भाग पूर्ण कर’ असं सांगितलं तर तो तिथेही 0.58 टाकील किंवा स्वतःच्या अंदाजाने दुसरा आकडा टाकील, आणि दोन्ही वेळा आत्मविश्वास सारखाच असेल. म्हणून अशा कामात सहायकाला द्यायची पहिली सूचना काहीशी अशी असावी: ‘काहीही बदलू नकोस. ज्या आकड्याचं किंवा अटीचं कारण कोडमध्ये लिहिलेलं नाही, त्यांची यादी कर. प्रत्येकापुढे तुझा अंदाज लिही आणि तो अंदाज आहे असं लिही.’ ही यादी हातात घेऊन मिलभर फिरायचं. माझ्या मते पुनरुज्जीवनाच्या सगळ्या कामात या यादीइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही, आणि ती एरवी कुणी करत नाही कारण फार कंटाळवाणी असते. यंत्राला कंटाळा नाही, एवढ्यापुरता त्याचा खरा फायदा.

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी 1985 मध्येच हे नेमकं ओळखलं होतं. प्रोग्रॅमिंग भाषांचं व्याकरण मांडण्याच्या बॅकस-नाउर पद्धतीत ज्यांचं नाव आहे तेच हे; पुढे त्यांना 2005 सालचं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. प्रोग्रॅमिंग म्हणजे सिद्धांत बांधणं, असा त्यांचा निबंध आहे. त्यांचं म्हणणं असं की प्रोग्रॅम म्हणजे लिहिलेला कोड नव्हे आणि त्यासोबतची कागदपत्रंही नव्हेत. बाहेरच्या जगातला कोणता व्यवहार प्रोग्रॅममध्ये कुठे आला, तो तसाच का आला आणि उद्या व्यवहार बदलला तर काय बदलावं लागेल, ही जी समज लिहिणाऱ्यांच्या डोक्यात असते तोच खरा प्रोग्रॅम. त्यांनी उदाहरण दिलं एका कंपायलरचं. एका गटाने तो उत्तम लिहिला. दुसऱ्या गटाला तो वाढवायचा होता. त्यांना पूर्ण कोड मिळाला, सविस्तर कागदपत्रं मिळाली, वर मूळ गटाचा सल्लाही. तरीही दुसऱ्या गटाने सुचवलेल्या काही भरी अशा होत्या की मूळ रचनेत ज्यांची सोय आधीच होती त्या गोष्टीही बाहेरून ठिगळ लावून केलेल्या. मूळ गटाला ते बघताक्षणी कळलं. दुसऱ्या गटाला सगळं वाचूनही दिसलं नव्हतं. ज्यांना समज होती ती माणसं पांगली की प्रोग्रॅम मेला, मग संगणकावर तो चालत का असेना, असं नाउर म्हणतात. आणि मेलेला प्रोग्रॅम नुसत्या कागदांवरून जिवंत करण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नये, असा त्यांचा सल्ला होता.

सल्ला आज थोडा सैल करायला हरकत नाही. नाउरांच्या काळात दुसऱ्या गटाला कोड वाचण्यातच महिने जात. ते काम आता स्वस्त झालं आहे, आणि त्यामुळे वाचलेला वेळ काट्याजवळ उभं राहायला वापरता येतो. समज मात्र अजूनही तिथेच आहे, काट्याजवळ.

कोड वाचणं स्वस्त झालं म्हणजे सगळं कामच झटपट होतं, हा समजही तपासून घ्यावा. अमेरिकेतल्या मेटर या संस्थेने 2025 मध्ये 16 अनुभवी प्रोग्रॅमर घेतले. प्रत्येकजण स्वतःच्या ओळखीच्या, वर्षानुवर्षं सांभाळलेल्या मुक्त-स्रोत प्रकल्पावर काम करत होता. एकूण 246 कामं. काही एआय वापरून, काही न वापरता. एआयमुळे वेळ 24 टक्क्यांनी कमी लागेल असा त्यांचा आधीचा अंदाज होता. काम झाल्यावरही 20 टक्के वाचला असं त्यांना वाटत होतं. घड्याळाने सांगितलं की 19 टक्के जास्त लागला. हा निष्कर्ष सगळीकडे लावता येत नाही. ज्याला आपला कोड तोंडपाठ आहे त्याची ती गोष्ट. अनोळखी कोडमध्ये शिरणाऱ्याला मदत जास्त होत असावी. पण वेग वाढल्याचा भास आणि वाढलेला वेग यांच्यातलं हे अंतर लक्षात ठेवण्यासारखं आहे.

विदर्भातल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक अडथळा हमखास भेटतो, तो म्हणजे फॉन्ट. शेतकऱ्यांची नावं आणि गावं कृतिदेवमध्ये टाइप केलेली असतात. युनिकोड सर्रास होण्याआधीच्या या फॉन्टांत संगणकाच्या दृष्टीने साठतात ती इंग्रजी अक्षरंच. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचं चित्र चढवतो. कृतिदेवमध्ये ‘तिरोडा’ लिहिलं की तक्त्यात जातं ते असं: एफ, आर, जे, के, एस, मोठा एम, के. फॉन्ट काढून घेतला की अर्थहीन अक्षरांची रांग उरते. सहायक ती ओळखतो आणि बदलून देणारा कोडही लिहून देतो, पण इथे क्रम उलटापालटा होतो. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी ‘त’च्या आधी येते, कारण ती कागदावर आधी दिसते, युनिकोडमध्ये ‘त’ आधी आणि वेलांटी नंतर. ‘अर्जुनी’तला रफार कृतिदेवमध्ये ‘ज’नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘ज’च्या आधी. साधी नावं बरोबर येतात. जोडाक्षरावर वेलांटी आणि वर रफार असला की बदलणाऱ्या कोडचा कस लागतो. चार-पाचशे नावांतली पंधरावीस बिघडली तर पडद्यावर डोळे फिरवून ती सापडत नाहीत. गावाचं नाव यादीत असलेल्या गावांपैकीच निघालं पाहिजे, अशी तपासणी कोडमध्येच बसवली तर सापडतात. माणसांच्या नावांसाठी मात्र ती नावं ओळखणारं कुणीतरी शेजारी बसवावं लागतं.

जुन्या नोंदी संगणकात नेऊन तपासण्याचं हे काम महाराष्ट्राने फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेलं आहे. हस्तलिखित सातबारे संगणकात चढवले गेले तेव्हा दोन्हींत फरक पडले: नाव चुकलं, क्षेत्र चुकलं, एखादा फेरफार राहिला. राज्यात सातबारे सुमारे अडीच कोटी. संगणकाला संगणकाकडूनच तपासून घेणं इथे निरुपयोगी, कारण त्याला चढवलेलं तेवढंच ठाऊक. म्हणून 2017 मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं. संगणकीकृत सातबारा चावडीवर मोठ्याने वाचायचा, ज्याची जमीन त्याने ऐकायचं आणि चुकलं तर तिथेच सांगायचं. सॉफ्टवेअर तपासण्याची इतकी रोखठोक पद्धत पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. मिलमध्ये हेच काम जुनी रजिस्टरं करतात. 2014 पासून आजपर्यंतची नोंद कागदावर आहे. त्यातले निवडक ट्रक घ्यायचे: तागाच्या पोत्यांचा एक, प्लास्टिकच्या गोण्यांचा एक, अर्धा-अर्धा एक, उसन्याचा एक, भर पावसात आलेला एक. आकडे नव्या प्रोग्रॅमला द्यायचे. उत्तर रजिस्टराशी जुळलं तर पुढे जायचं. मायकेल फेदर्स यांच्या 2004 च्या जुन्या कोडवरच्या पुस्तकात अशा तपासण्यांवर भर आहे. चाचण्या नसलेला कोड तो वारशाने अंगावर आलेला कोड, अशी व्याख्याच त्यांनी केली. तपासण्या लिहायचं काम सहायकाला खुशाल द्यावं. उत्तरं मात्र त्याच्याकडून घेऊ नयेत. स्वतःच कोड लिहायचा आणि अपेक्षित उत्तरंही स्वतःच ठरवायची असं झालं, की सगळ्या तपासण्या हिरव्या दिसतात आणि तांदूळ कमी भरतो.

बाहेरून आलेलं बरोबर उत्तर किती कामाचं असतं याचा दाखला संगणकाच्या जन्माआधीच्या एका यंत्राचा आहे. चार्ल्स बॅबेज यांचं पहिलं गणनयंत्र सरकारी पैशावर सुरू झालं, 1833 मध्ये कारागीर जोसेफ क्लेमंट यांच्याशी बिनसून थांबलं आणि 1842 मध्ये सरकारने हात काढून घेतला. पुढे 1847 ते 1849 या काळात त्यांनी दुसऱ्या यंत्राची रेखाचित्रं काढली, पण ते बांधलंच गेलं नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमने डोरॉन स्वेड यांच्या पुढाकाराने ते या रेखाचित्रांवरून बांधलं आणि बॅबेजच्या द्विशताब्दीला, 1991 मध्ये, गणनाचा भाग चालू केला. छपाईचा भाग 2002 मध्ये पुरा झाला. रेखाचित्रांत चुका होत्या. जसंच्या तसं बांधलं असतं तर यंत्र चाललं नसतं, आणि मनाने सुधारलं असतं तर ते बॅबेजचं राहिलं नसतं. यंत्राने काय काढायला हवं हे गणितातून आधीच माहीत होतं म्हणून कुठे हात घालायचा आणि कुठे नाही याचा निवाडा करता आला.

जपायच्या दोन गोष्टी. तक्त्यांत शेतकऱ्यांचे खाते क्रमांक आणि आधार असू शकतात. सहायक बहुधा दूरच्या सर्व्हरवर चालतो, तेव्हा त्याला खरी नोंद दाखवायची नाही. तशाच बांध्याची खोटी नावं आणि आकडे भरून द्यायचे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी लोकांची खाती आपल्या हातातली ठेव आहेत. दुसरं, चालू हिशेबाला सहायकाचा हात लागू द्यायचा नाही. जुलै 2025 मध्ये अमेरिकेतले उद्योजक जेसन लेमकिन रेप्लिट या कोडिंग-सेवेचा एआय सहायक वापरत होते. बदल करू नकोस असं बजावलेलं असताना त्याने खरा डेटाबेस पुसला. काम प्रतीवर करायचं, प्रत्येक छोट्या बदलाची नोंद गिट या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात ठेवायची, आणि आजचं बिघडलं तर कालचं परत आणता आलं पाहिजे.

राहता राहिला तो अपुरा भाग. हंगामाचं वर्ष ठरवणारा कोड पुतण्याने ऑक्टोबर ते सप्टेंबर असा लिहिला होता, कारण धानाचा पणन हंगाम 1 ऑक्टोबरला सुरू होतो. सहायक त्याला ‘चूक’ समजून एप्रिल-मार्च करायला निघेल. यादीत तेही आलंच. हमीभाव कोडमध्येच कोरलेला आहे. साधारण धानाचा भाव 2024-25 ला 2,300 रुपये होता, 2025-26 ला 2,369. दर हंगामाला बदलणारी गोष्ट तक्त्यात हवी, मालकांना स्वतःला बदलता येईल अशी. आणि पुतण्याने सगळ्यात जास्त कष्ट घेऊन अर्ध्यावर सोडलेला भाग आहे व्हॅटचा अहवाल. सहायकाला सांगितलं तर तो दहा मिनिटांत पूर्ण करून देतो, रकाने जुळवून, बेरजा लावून. व्हॅट जाऊन जीएसटी आला 1 जुलै 2017 ला. मुलगी तो पडदा काढून टाकते, त्यामागचे दोन तक्ते काढते आणि दिवानजींना विचारते की या हंगामात कोणता आकडा सगळ्यात जास्त वेळा हाताने मांडावा लागतो. ते रजिस्टर न उघडता सांगतात: कोणत्या डीओवर, म्हणजे धान उचलण्याच्या आदेशावर, किती तांदूळ जमा करायचा बाकी आहे. पुतण्याच्या चारही फोल्डरांत या अहवालाचं नाव नाही. कामाला तिथून लागायचं.